डाव्या हाताची खुर्ची

त्याची माझी ओळख भांडणातून झाली. म्हणूनच की काय, तो माझ्याहून चांगला वीसेक वर्षांनी मोठा असूनही, तोंडावर 'तुम्ही' म्हटलं तरी माघारी मला त्याला मराठीत कधी 'ते' म्हणता आलं नाही. ज्याच्याशी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून कडाडून भांडले, त्याला पाठीमागेही अहोजाहो कसं करायचं?

लंडनच्या हॅरोमधली आमची घरं एकमेकांना चिकटलेली. मधे एक सामायिक भिंत. अलीकडे मी, माझा नवरा आणि आई गेल्यावर पुण्याहून आलेले माझे बाबा. पलीकडे तो आणि त्याचा पियानो. मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना झोपवून घरी आलं की स्वतःला जरा आडवं व्हावंसं वाटायचं, आणि नेमकं तेव्हाच याचं सुरू व्हायचं. तो जॅझ वाजवायचा, पण त्या जॅझमध्ये त्याच्या आर्मेनियातली लोकगीतं मिसळलेली असायची. सगळं स्वतः रचलेलं. वाजवायचा सुरेखच, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती एका गाण्याबद्दल. संथ चालीचं एक गाणं तो रोज वाजवायचा आणि रोज एकाच ठिकाणी सोडून द्यायचा. मधेच! मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. मी इकडे उशीत तोंड खुपसून वाट बघतेय, अरे टेक की कुठेतरी!

एका शनिवारी चपला अडकवल्या आणि गेले. दार उघडलं तर समोर लोकरीची टोपी घातलेला एक आडव्या अंगाचा माणूस, पायात एक मोजा निळा, एक तपकिरी, हातात लांब दांड्याचं कॉफीचं भांडं. मी म्हटलं, "तुम्ही खुशाल वाजवा. पण सुरू केलेलं गाणं संपवत चला हो. मला झोप लागत नाही."

त्यानं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. म्हणाला, "जान, मलाही लागत नाही."

जान! मी फणफणत घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पुढे कळलं की त्यांच्याकडे सगळ्यांनाच जान म्हणतात. तो पोस्टमनला म्हणायचा, दातांच्या डॉक्टरणीला म्हणायचा, कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीवरच्या पोरांना म्हणायचा. एकदा नवऱ्यालाही म्हणाला. तेव्हा मात्र नवरा हसला नाही.

माणूस विक्षिप्त होता, यात वादच नाही. मागच्या अंगणात त्यानं जर्दाळूचं झाड लावलं होतं. हॅरोच्या त्या ओल्या हवेत त्याला जर्दाळू लागणार कुठून! पण हा रोज सकाळी जाऊन त्या झाडाला त्याच्या भाषेत रागवायचा. भाषा कळत नसली तरी सूर कळतो ना, अगदी नापास झालेल्या पोराला बोलतात तसा. कुणी आलं की कॉफी द्यायचा, आणि पिऊन झाली की कप बशीत उपडा करून आत राहिलेल्या गाळात तुमचं भविष्य बघायचा. भविष्य सगळ्यांचं एकच. "रस्ता दिसतोय. लांबचा रस्ता." माझा नवरा तेव्हा रोज गाडी हाकत ब्रॅकनेलच्या ऑफिसात जायचा. तो म्हणाला, "हे सांगायला कप कशाला उपडा करायला हवा?"

शिकवण्या करायचा. गल्लीतली बरीचशी गुजराती मुलं त्याच्याकडे यायची. चुकीचा सूर वाजला तर अवाक्षर बोलायचा नाही, पण शेवटच्या सुरावरून कुणी घाईनं हात उचलला की भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू यायचं. "मरू दे त्याला! त्याला नीट मरू दे, मग हात उचल!" एका मुलाच्या आईनं मला घाबरून विचारलं होतं की हे सर घरी कुणाला मारायची भाषा करतात का.

आणि ती खुर्ची. महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी तो मध्य लंडनमधल्या एका तळघरातल्या क्लबात वाजवायचा. आमचा सलोखा झाल्यावर नवऱ्याला घेऊन मी एकदा गेले. पियानोच्या डाव्या बाजूला, त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर, एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली. रिकामी. ही खुर्ची तो घरून न्यायचा, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमधून, मांडीजवळ उभी धरून. क्लबात कुणीतरी बिचाऱ्यानं तिच्यावर कोट टाकला. यानं वाजवणं थांबवलं, उठला, कोटाची नीट घडी घातली आणि ज्याचा होता त्याला तो नेऊन दिला. मग पुन्हा सुरू. कुठल्याशा पेपरात कुणी लिहिलं होतं की ही रिकामी खुर्ची म्हणजे आधुनिक संगीतातलं मोठं विधान आहे वगैरे. तो ते वाचून चिडला. म्हणाला, "विधान कसलं? खुर्ची आहे. माणूस बसायला ठेवलीय."

कोण बसायला, ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा वीज मंडळात हिशेबनीस होते, पण ते पोटापुरतं. खरं म्हणजे ते तंबोऱ्यावर बसायचे. पुण्यात कुणाचीही मैफल असो, मागे तंबोरा घेऊन बाबा. स्वतः कधी गायले नाहीत. आवाज नाही म्हणायचे. घरात मैफलींचे ढीगभर फोटो होते आणि एकाही फोटोत बाबा धड नव्हते. गायकाच्या खांद्यामागून अर्धा कान, नाहीतर तंबोऱ्याच्या दांडीमागे एक डोळा. आई म्हणायची, "अहो, तुम्हाला उद्या हार घालायची वेळ आली तर कानाला घालू का?" बाबा हसायचे. आई गेली आणि ते हसणं बंद झालं. इथे आले तेव्हा विमानातून तंबोरा आणता येईना, म्हणून सूरपेटी आणली, हातानं भाता हलवायची, लाकडी, जुनी. आईच्या शालीत गुंडाळून आणली आणि तशीच कपाटावर ठेवली. बाबा दिवसभर खिडकीशी बसायचे. "बाबा, चहा?" "हं." "बाबा, फिरायला?" "उंहू." एवढंच. मी डॉक्टर असून माझ्या हातात काहीही नव्हतं. मला फार भीती वाटायची तेव्हा, की हे असेच मिटत मिटत जाणार.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. पलीकडे त्याचं ते अर्धवट गाणं सुरू झालं. नेहमीसारखंच. आणि अचानक ते गाणं भरल्यासारखं वाटलं, खालून कुणी आधार दिल्यासारखं. मी बाहेर आले. बाबा सामायिक भिंतीला पाठ टेकून खाली सतरंजीवर बसले होते, शाल बाजूला पडलेली, मांडीवर सूरपेटी. डोळे मिटून भाता हलवत होते. एकच सूर, अखंड.

पलीकडचा पियानो थांबला. मनात म्हटलं, झालं! आता हा येणार भांडायला.

आलाच. बेल अशी दाबली की तुटायची बाकी. दार उघडलं तर टोपी नाही, मोजेही नाहीत, बाहेरच्या भुरभुर पावसातून अनवाणी आलेला. "कोण?" म्हणाला. "कोण धरतंय?" मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा गडबडून उठले, सूरपेटी छातीशी धरून. त्यांना वाटलं, आपण शेजाऱ्याला त्रास दिला. "सॉरी हं, व्हेरी सॉरी," म्हणायला लागले. तो पुढे झाला, बाबांचा भाता हलवणारा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. आणि हमसून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या असा रडताना मी घरात कधी पाहिला नव्हता. मी आपली चहाचं आधण ठेवायला पळाले.

त्या दिवशी आम्हाला खुर्चीची हकीकत कळली.

त्यांच्याकडे जर्दाळूच्या लाकडाचं एक वाद्य असतं. सनईच्याच जातीचं, पण आवाज खोल, घशातून आल्यासारखा. ते एकट्यानं वाजवत नाहीत, दोघं लागतात. एक धून वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून एकच सूर धरून ठेवतो, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, न तोडता. हा लहानपणी गावातल्या लग्नांत आणि मर्तिकांत धून वाजवायचा आणि याचा मोठा भाऊ सूर धरायचा. पुढे याला पियानोचं वेड लागलं, जॅझचं लागलं. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "पियानोला श्वास नाही. सूर काढला की मरतो. तुझ्यामागे कोण धरणार?" आणि असं म्हणून तोच त्याचं जर्दाळूचं वाद्य घेऊन पियानोच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायला लागला. लोक हसले म्हणे. नंतर हसायचे थांबले.

एका हिवाळ्यात याचा दुसऱ्या शहरात कार्यक्रम होता. भाऊ तापानं घरी राहिला. सकाळी भावानं फोन करून विचारलं, "कधी येतोस?" हा म्हणाला, "आलोच." दुपार व्हायच्या आत भूकंपानं ते गाव जमीनदोस्त झालं होतं.

"ते गाणं दोन भागांचं आहे," तो म्हणाला. "पहिल्या भागात घरचे लोक रस्त्याच्या वळणाशी उभं राहून विचारतात, कधी येशील? दुसऱ्या भागात वाटसरू उत्तर देतो, आलोच, चुलीवर पाणी ठेवा. पहिला भाग मी वाजवतो. दुसरा कुठल्या तोंडानं वाजवू?"

अशा वेळी मला काहीतरी बोलायची भारी घाई होते, म्हणून मी कप पुन्हा भरायला घेतले. बाबांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "टुमारो व्हॉट टाइम?"

मग रोज दुपारी बाबा पलीकडे जायला लागले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत सूरपेटी. दोघांना मिळून जेमतेम एका माणसाचं इंग्रजी येत होतं, पण गप्पा थांबायच्या नाहीत. तो बाबांना 'बाबा-जान' म्हणायचा, बाबा त्याला 'साहेब'. एकदा मी लवकर घरी आले तर भिंतीपलीकडून बाबांचं हसणं ऐकू आलं. मी जिन्यातच बसले. मला फार आनंद झाला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. मी पोटची लेक, माझ्या वाट्याला 'हं' आणि 'उंहू', आणि या परक्याकडे खो खो!

गाणं मात्र तिथेच थांबायचं. त्या जागी आला की तो उठायचा आणि कॉफी ठेवायला जायचा. बाबाही भाता मिटायचे. तालीमच ती.

मग एका रविवारी तो बाबांना क्लबात घेऊन गेला. बाबांनी पुण्याचा बंद गळ्याचा कोट घातला. ट्रेनमध्ये खुर्ची आमच्या मधे उभी होती आणि बाबा तिला हात लावत नव्हते. क्लबात गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "बसू ना गं मी? त्यांच्या भावाची जागा आहे." मी म्हटलं, "बाबा, त्यासाठीच आणलंय तुम्हाला." बाबांनी आधी खुर्चीला नमस्कार केला आणि मग बसले.

शेवटी ते गाणं आलं. बाबांनी सूर धरला. ती जागा आली. नेहमीप्रमाणे त्यानं हात उचलले, उठला, आणि डावीकडच्या खुर्चीला मान लववली. हाच त्याच्या कार्यक्रमाचा शेवट असायचा. लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

बाबा थांबले नाहीत.

डोळे मिटलेले, भाता चालू. टाळ्या विरल्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी खाकरलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खालून खुणा करतेय, बाबा, पुरे! अहो, संपलं! पण बाबा बघतील तर ना. जन्मभर त्यांनी एकच शिस्त पाळली होती. गाणारा मंचावर आहे आणि गाणं जागेवर आलेलं नाही, तोवर तंबोरा थांबवायचा नसतो. गाणारा खोकला, अडखळला, पाणी प्यायला, रडला तरी नाही. तालमीत थांबणं वेगळं, ही मैफल होती.

तो तसाच उभा राहिला. पियानोच्या कडेला हात टेकून, बाबांकडे बघत. मला त्याचा चेहरा दिसत होता. मला वाटलं, हा आता निघून जाणार. पण तो हळूच बसला. हात पट्ट्यांवर ठेवले आणि दुसरा भाग वाजवला. आम्ही कुणीच कधी न ऐकलेला. छोटासाच होता, अगदी साधा, चार ओळींचा असेल. चाचरत वाजवला त्यानं, शिकवणीच्या पोरांसारखा. वाजवत वाजवत धून खाली आली आणि बाबांच्या सुरावर येऊन टेकली. मग बाबांनी भाता मिटला. टाळ्या कुणी वाजवल्याच नाहीत. माझ्या शेजारची गोरी बाई रुमालात तोंड लपवून बसली होती, आणि मी तिचाच रुमाल मागून घेतला.

परतीच्या ट्रेनमध्ये तो हॅरो येईपर्यंत खुर्ची मांडीजवळ धरून खिडकीबाहेर बघत राहिला. मी मनातून धास्तावलेली. घराच्या फाटकाशी आल्यावर बाबांना म्हणाला, "बाबा-जान, मी उठलो होतो. तुम्ही थांबला नाहीत."

बाबा ओशाळले. शब्द जुळवत म्हणाले, "साहेब, यू स्टुड अप. साँग डिड नॉट सिट डाउन."

तो हसायला लागला. फाटकाला धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाला, "तुमचं दुखणं मी घेतो. आमच्याकडे म्हणतात असं." माझी आजी कानशिलांवर बोटं मोडायची, ते हेच की! मी म्हटलं, "ते काम माझं आहे, मी इंजेक्शन देऊन घेते." पण त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं गाणं रोज पुरं व्हायला लागलं, आणि मला झोप लागायला लागली.

आज त्या घरात दुसरी माणसं राहतात. भिंतीतून वॉशिंग मशीन ऐकू येतं. जर्दाळूचं झाड त्यांनी काढून टाकलं, शेवटपर्यंत त्याला एक फळ लागलं नाही. बाबा गेल्यावर वर्षभरानं तो पियानो विकून गावी परत गेला. निघताना मी म्हटलं, "या वयात एकटे तिथे काय कराल?" तो म्हणाला, "आलोच म्हणालो होतो, जान. उशीर झाला." तिथेच वारला तो. त्याच्या पुतणीनं फोनवर कळवलं. खुर्ची तो माझ्याकडे ठेवून गेला होता. हॉलमध्ये आहे. तिच्यावर मी कुणाला कोट टाकू देत नाही.

पण तो म्हटलं की मला बाबांना निरोप दिला तो दिवसच आठवतो.

बाबा हिवाळ्यात गेले. छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात संपलं. माझ्याच हॉस्पिटलात. तो रोज यायचा, पलंगाच्या डाव्या बाजूला बसायचा. शेवटी शेवटी बाबांनी त्याला सांगितलं, "सूरपेटी यू कीप." त्यानं मान हलवली.

इथे अंत्यविधीसाठी क्रेमॅटोरियममध्ये अर्ध्या तासाची वेळ मिळते. पुढचे लोक बाहेर थांबलेले असतात. आमचे ओळखीचे मराठी लोक आले होते, ब्रॅकनेलचे, हाउन्सलोचे. बाबांचा एक फोटो ठेवला होता, त्याच्याच घरात काढलेला, पूर्ण चेहरा असलेला एकुलता एक. भटजींचं झाल्यावर त्यानं वाजवायचं असं ठरलं होतं. कोपऱ्यात एक पियानो होता. तो उठला. काळा सूट, डोक्यावर तीच लोकरीची टोपी. पियानोचं झाकण उघडलं, पुढचं स्टूल नीट सरळ करून ठेवलं. आणि त्या स्टुलावर बसलाच नाही. घरून आणलेली खुर्ची डाव्या हाताला टाकली, तिच्यावर बसला, मांडीवर सूरपेटी घेतली आणि सूर धरला.

लोक वाट बघत राहिले. नवरा कुजबुजला, "अगं, हा वाजवत का नाहीये?"

मला कळलं होतं. पियानोपुढचं स्टूल रिकामं होतं, ते बाबांचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीशी बसलेल्या माझ्या बाबांच्या मागे पहिल्यांदा कुणीतरी सूर धरला होता. मी तोवर रडले नव्हते. तेव्हा रडले.

शवपेटीपुढचा पडदा सरकला. बाबा आत गेले. तो थांबला नाही. दारात तिथला माणूस येऊन उभा राहिला, अदबीनं घड्याळाकडे बघून गेला. पुन्हा आला. तरी हा थांबेना. डोळे मिटून भाता हलवतोय. थांबणार कसा? शिस्त बाबांनीच शिकवली होती, आणि गाणं जागेवर आणायला बाबा तर नव्हते. मी जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "चला आता."

त्यानं भाता न थांबवता माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "जान, तू संपव."

मी आयुष्यात कधी गायले नव्हते. बाबांना आवाज नव्हता, तसा मलाही नाही. पण ते गाणं मी रोज भिंतीतून ऐकलं होतं. एवढ्या लोकांदेखत, नाक गळत असताना, मी दुसरा भाग गुणगुणले. शब्द येत नव्हते, नुसतीच धून. एका जागी चुकले, पुन्हा घेतलं. तो धरून राहिला. शेवटची ओळ खाली आली, मी त्याच्या सुरावर येऊन टेकले, आणि माझा सूर नीट मरेपर्यंत थांबले.

मग त्यानं भाता मिटला.